काळ्या फरशीवरचा पूर

दहावीच्या वर्गात मी वर्तुळाचं प्रमेय शिकवत होतो. शाळेचा शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, तुमच्या मायनं अंगनवाडीत लाइन लावून ठेवली हाय. तुमाले बोलावून राहिले."

मला काही कळलं नाही. फळ्यावरचं वर्तुळ अर्धं सोडून मी मोटरसायकलला किक मारली. अंगणवाडी आमच्या घरामागच्या गल्लीत आहे. त्या दिवशी तिथं लहान पोरांना लस टोचायची होती आणि नर्सला यायला उशीर झाला होता. नर्सच्या खुर्चीवर माझी आई बसली होती. ऐंशी वर्षांची, पांढरी साडी, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, पाठ सरळ. समोर सात-आठ बाया पोरं कडेवर घेऊन एकामागे एक उभ्या होत्या. मी ज्यानं पेपर तपासतो तो लाल पेन आईच्या उजव्या हातात सुईसारखा धरलेला होता. डाव्या हातानं तिनं एका पोराची मांडी इतकी पक्की धरली होती की ते रडायचंसुद्धा विसरलं होतं.

"माय, चाल घरी," मी म्हणालो.

तिनं मान वर न करता सांगितलं, "लाइनीत या. मागून येनाऱ्यानं मागं राहावं."

मी लाइनीत उभा राहिलो. लिहायला लाज वाटते, पण राहिलो. सत्तावन्न वर्षांचा गणिताचा शिक्षक, हाताला खडू लागलेला, दोन बायांच्या मागं. तिच्या आवाजात असं काही होतं की दुसरं काही सुचलंच नाही. शेवटी माझी बायको धापा टाकत आली आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "आत्याबाई, तुमची ड्यूटी झाली. दुसरी सिस्टर आली पाहा." आई उठली, पेन पदराला पुसून टेबलावर ठेवला आणि बायकोचा हात धरून घरी गेली. मी लाइनीतच होतो.

आई सरकारी नर्स होती. आमच्या वस्तीतली नोकरीला लागलेली पहिली बाई. आमच्या सौंसरच्या आजूबाजूच्या खेड्यांत आधी पायी, मग सायकलवर, शेवटी लुनावर फिरून तिनं बाळंतपणं केली. आज बाजारात कपाशीचा भाव विचारत उभे असलेले पन्नाशीचे कितीतरी लोक पहिल्यांदा तिच्या हातात रडले आहेत. चार वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी चष्मा, मग गॅसचं बटन, मग माझे वडील वारले आहेत ही गोष्ट. नागपूरच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं. मी तो शब्द वहीत लिहून आणला आणि स्टाफ रूममध्ये त्याच्यावर पंधरा मिनिटं बोललो. त्या आजारासाठी मी केलेलं ते पहिलं आणि बराच काळ एकमेव काम.

अंगणवाडीच्या प्रकारानंतर संध्याकाळी मी घरात जाहीर केलं, "आता माझ्याकून होत नाई."

बायको पोळ्या लाटत होती. ती हसायला लागली. रागानं नाही, खरंच हसायला आलं म्हणून. लाटणं बाजूला ठेवून तिनं डोळे पुसले.

"काय होत नाई तुमच्याकून?" ती म्हणाली. "सांगा तरी."

"औषधं मी आनतो."

"आनता. देते कोन?"

मी विषय बदलला. खरं तर तिची कंबर गेली होती. डॉक्टरांनी तिला ओझं उचलायला मना केलं होतं. पण आईला मोरीतून उठवणं, ती बाहेर निघाली की मागं पळणं, एकच साडी तीनदा नेसवणं हे सगळं तीच करत होती. एकदाही तिनं 'आता नाही जमत' म्हटलं नव्हतं. ते तिच्या वतीनं मी म्हटलं, आणि तेही माझ्या नावावर.

शेजाऱ्यांनी सुचवलं की जामसांवलीच्या हनुमान मंदिरात नेऊन पाहा, तिथं अशा लोकांना गुण येतो. आमचं घर बौद्ध. मी शेजाऱ्यांना मेंदू, पेशी आणि विवेक यावर असं काही ऐकवलं की त्यांनी दोन आठवडे आमच्याकडे चहा घेतला नाही. तिसऱ्या आठवड्यात, एका शनिवारी, मी आईला गाडीत बसवून त्याच रस्त्यानं फिरायला नेलं आणि मंदिराबाहेरच्या गर्दीत थांबलो. तिथला चहा चांगला असतो असं मी स्वतःला सांगितलं. आईनं आजूबाजूला पाहिलं, प्रसादाच्या दुकानात बसलेल्या एका बाईजवळ जाऊन तिच्या तान्ह्या पोराचे डोळे उघडून पाहिले आणि म्हणाली, "कावीळ हाय. सकाळच्या उन्हात ठेव." त्या बाईनं आईला वाकून नमस्कार केला. आम्ही चहा घेऊन परत आलो. बायकोला मी सांगितलं की पेट्रोल भरायला गेलो होतो. आईनं सांगितलं की ती ओपीडी करून आली.

माझी मोठी बहीण पांढुर्ण्याला असते. भाऊजी तिथं कचेरीत आहेत. महिन्यातून एकदा ती बसनं येते, आईसाठी भाकरीचं पीठ आणि माझ्यासाठी सूचना घेऊन. ती आल्यावर मी आईला अशा लोकांना सांभाळणाऱ्या एखाद्या घरात ठेवायचा विषय काढला. मला वाटलं ती रडेल, भांडेल, मग मी समजूत घालीन. त्यासाठी मी दोन-तीन वाक्यं तयारसुद्धा ठेवली होती.

ती म्हणाली, "पाहा बापा. आमच्या पांढुर्ण्यात आता कलेक्टर हाय, एसपी हाय, जिल्ह्याचं सारं हाय, पन असं घर नाई. नागपुरातच पाहा लागन. वयनीची कंबर पाहिली का तू?"

"पाहिली ना."

"मंग इतके दिवस काहून थांबला?"

तयार ठेवलेली वाक्यं वाया गेली.

घर शोधायचं काम मी माझ्याकडे घेतलं. भावनेच्या भरात चूक होते, असं मी दोघींना समजावलं आणि एका मोठ्या कागदावर तक्ता आखला. आडव्या ओळीत घरांची नावं, उभ्या ओळीत चौदा मुद्दे: स्वच्छता, लिफ्ट, डॉक्टर किती अंतरावर, खोलीत टीव्ही, फरशी, बगीचा, आणि असेच. प्रत्येक मुद्द्याला वजन दिलं आणि एकूण गुण शंभर केले. असा तक्ता नागपूर विद्यापीठातही कोणी केला नसेल असं मला वाटलं. बायकोनं त्याच्यावर नजर टाकली आणि विचारलं, "यात आत्याबाई कोन्या खान्यात हाय?" मला तो विनोद वाटला.

दोन रविवारी मी तीन घरं पाहिली. एकटाच गेलो, म्हणजे निर्णयावर कोणाचा प्रभाव पडणार नाही.

पहिलं घर नागपूरच्या बाहेर, हायवेजवळ. चार मजली, काचेचे दरवाजे आपोआप उघडणारे, आत थंडगार. मधल्या हॉलमध्ये काळ्या ग्रॅनाइटची फरशी, इतकी घासलेली की मला तिच्यात माझं पोट दिसलं. फरशीला मी दहापैकी दहा दिले. टाय लावलेल्या एका तरुणीनं मला सगळं दाखवलं. मी शिक्षक आहे हे मी तिला पहिल्या तीन मिनिटांत सांगितलं आणि सिलिंडर, जनरेटर, पाण्याची टाकी यांच्याबद्दल असे प्रश्न विचारले की तिला वाटावं हा माणूस इमारत विकत घ्यायला आला आहे. तिथं राहणाऱ्या एकाही म्हाताऱ्या माणसाशी मी बोललो नाही. तक्त्यात तसा मुद्दा नव्हता.

मग तिनं मला एक फॉर्म दिला. पेशंटची माहिती. आता हे तर सोपं, असं मला वाटलं. पहिला प्रश्न: त्यांना लहानपणी घरी काय म्हणत? मला माहीत नव्हतं. दुसरा: जेवणात काय आवडतं? मी लिहिलं, 'सर्व'. तिसरा: कशानं शांत वाटतं? मी लिहिलं, 'टीव्ही'. चौथा: कशाची भीती वाटते? मी लिहिलं, 'कशाचीही नाही, त्या धाडसी आहेत'. मग मला घाम आला आणि मी कोपऱ्यात जाऊन बायकोला फोन लावला.

"लहानपनी त्याईले बेबी म्हनत," ती म्हणाली. "जेवनात गरम वरनात कुस्करलेली भाकर. टीव्ही कोनी सांगतलं? टीव्ही तुमी पाहता, त्या तुमच्याजवळ बसून राहते. शांत वाटते गहू निवडताना. सूप हातात द्या, दोन तास बसते."

"अन् भीती?"

"पान्याची. ड्यूटीवर असताना एकदा नाल्याच्या पुरात वाहत गेल्या होत्या ना. बाभळीले धरून राहिल्या. तुमाले नाई माहीत?"

मला माहीत होतं. मी तेव्हा सहावीत होतो आणि त्या दिवशी घरी आई उशिरा आल्यामुळे मला जेवायला उशीर झाला, एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. मी सगळी उत्तरं खोडली आणि सुंदर अक्षरात नवी लिहिली. भीतीच्या रकान्यात 'पाणी' लिहिलं. लिहिताना माझे बूट त्या काळ्या, चकचकीत फरशीवर टेकलेले होते. माझ्या डोक्यात काही आलं नाही.

दुसरं ठिकाण वृद्धाश्रम निघालं. तिथल्या व्यवस्थापकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की चालते-फिरते, भान असलेले लोकच आम्ही घेतो, विसरणाऱ्यांना सांभाळायला आमच्याकडे माणसं नाहीत. त्यांच्या प्रामाणिकपणाला तक्त्यात जागा नव्हती, म्हणून शून्य.

तिसरं घर म्हणजे खरोखर घर होतं, सावनेरकडून नागपुरात शिरताना एका जुन्या वस्तीतलं. दोन मजली, पण वर भाडेकरू. खाली मोठी पडवी आणि मागे पाच खोल्या. गेट एका म्हाताऱ्या आजोबांनी उघडलं. त्यांनी माझं नाव-गाव विचारलं, मी सांगितलं, ते आत गेले, परत आले आणि पुन्हा नाव-गाव विचारलं. घर चालवणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या. साठीच्या, पदर खोचलेला, हाताला फिनेलचा वास. त्यांनी मला काहीच दाखवलं नाही. "फिरा तुम्ही," म्हणाल्या, "मी आजीला भरवून येते." फरशी साध्या सिमेंटची, खडबडीत. लिफ्टचा प्रश्नच नव्हता. टीव्ही एकच, तोही बंद. मी पडवीत उभ्या-उभ्या गुण मांडत होतो तेव्हा त्या आल्या आणि म्हणाल्या, "आई काय करत होत्या आधी?"

"नर्स होती."

"मग त्यांना इथं कामाची कमी नाही पडायची."

मला ते जरा उद्धट वाटलं. मी आईला आरामासाठी आणणार होतो, कामाला लावायला नाही. घराला शंभरपैकी सेहेचाळीस मिळाले. पहिल्याला एक्याण्णव. मी तक्ता फ्रिजवर चिकटवला.

आईला पहिल्या घरी न्यायचा दिवस ठरला. मी, बायको, बहीण आणि मध्ये आई. गाडीत आई खुशीत होती. कोणत्या तरी गावाला कॅम्प आहे असं तिला वाटत होतं. काचेचे दरवाजे आपोआप उघडले. मी पुढं, त्या तिघी मागं. दहा पावलं गेल्यावर मागं कोणी नाही असं जाणवलं. वळून पाहिलं तर आई उंबऱ्यावर थांबली होती. हॉलमधले दिवे काळ्या ग्रॅनाइटमध्ये हलत होते. तिनं दोन्ही हातांनी साडी गुडघ्यापर्यंत वर धरली होती.

"पूर हाय," ती म्हणाली. "आज नाई जाता येत. पान्यातून बाहेर निघ तू."

टाय लावलेली तरुणी हसून पुढं आली. "आजी, पानी नाही, टाइल्स आहे." आई दोन पावलं मागं सरकली. बायकोनं तिचा दंड धरला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत फॉर्मचा चौथा प्रश्न होता. पण मी शिक्षक. चुकलेल्या विद्यार्थ्याला सिद्ध करून दाखवलं की त्याला पटतं, यावर माझा तीस वर्षांचा विश्वास.

"माय, हे पाहाय," मी म्हणालो. "फरशी हाय. पानी असतं तर मी असा उभा राहिलो असतो का?" आणि प्रयोग म्हणून मी उजवा पाय जोरात आपटला.

पाय घसरला. नवे बूट, घासलेला ग्रॅनाइट. मी आधी कंबरेवर आणि मग सबंध आडवा पडलो. घोट्यात कळ अशी आली की छतावरचे दिवे दोन-दोन दिसले. आजूबाजूचे लोक नुसते पाहत राहिले. आई मात्र आली. पुराच्या पाण्यात साडी धरून, पाऊल चाचपत, एक-एक फरशी ओलांडत माझ्यापाशी आली. खाली बसली, माझा बूट काढला आणि घोट्यावर अंगठा दाबला.

"दुखते?"

"हाव."

"बोटं हालव." मी हलवली. "मोडलं नाई. मुरगळलं. याले उचला अन् कोरड्या जागी न्या."

त्या घरानं चाकाची खुर्ची आणली, माझ्यासाठी. माझी बहीण भिंतीला धरून हसत होती. आई खुर्चीबरोबर चालत सगळ्यांना बजावत होती की पेशंटला हळू न्या. पुढं एक्स-रे काढला, तेव्हा तो काढणाऱ्या माणसानं जे सांगितलं ते आईनं अंगठ्यानं आधीच सांगितलं होतं. आईला त्या दिवशी तिथं ठेवलं नाही. विचारसुद्धा कोणी केला नाही. परतताना गाडी बायकोनं चालवली. घरी पोचल्यावर तिनं फ्रिजवरचा तक्ता काढला आणि उलटा करून त्यावर मेथी निवडली.

तीन आठवडे मी घरी पडून होतो, पायाला पट्टी, खाट पुढच्या खोलीत. ते तीन आठवडे शिक्षकाच्या नोकरीत मला कोणत्याही प्रशिक्षणातून मिळालं नसतं एवढं शिकवून गेले, आणि तेही मी शिकायला तयार नसताना. आई मला पाणी आणून द्यायची. तासात सहा वेळा. दर वेळी विचारायची, "कोन्या गावचा हायेस बापू?" पहिल्या दिवशी मी सांगितलं, "माय, मी तुझा पोरगा हावो." ती गोंधळली, मग चिडली आणि म्हणाली की तिचा पोरगा सहावीत आहे. दुसऱ्या दिवशीही मी तेच समजावलं, आणखी स्पष्ट करून, तिच्या-माझ्या वयाची वजाबाकी करून. ती रडली. बायको आतून आली आणि आईला म्हणाली, "सौंसरचाच हाय थो. पाय मुरगळला. तुमी नीट पाहा त्याच्याकडे." आईचं रडणं थांबलं. तिनं माझ्या पायाखाली उशी सरकवली.

मी पडल्या-पडल्या बायकोचा दिवस पाहिला. इतकी वर्षं तो माझ्या घरात होत होता आणि मी शाळेत होतो. आई पांढरी साडी नेसून निघाली की बायको दारात आडवी जात नसे. ती म्हणे, "आज सुट्टी हाय आत्याबाई, कागद आला." आई जेवायला नको म्हणाली की ती स्वतः आधी घास घेई. आंघोळीच्या वेळी ती मोरीच्या दारातून सांगायची, "आता मी पाठीवर पानी टाकून राहिली. आता हातावर." एक-एक तांब्या सांगून. मी एकदा विचारलं, इतकं बोलायची काय गरज. ती म्हणाली, "न सांगता कोनी अंगाले हात लावला तर तुमी काय कराल?"

आणि हे सगळं करताना ती कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. एक दिवस आईला उठवताना ती खाली बसली ती अर्धा तास उठली नाही. मी खाटेवरून हाका मारत होतो. दोघींपैकी कोणालाच उठवता येत नव्हतं मला. शेवटी आईनंच तिला उठवलं.

पट्टी सुटल्यावर मी म्हणालो, "पुन्हा पाहू. या वेळी तू पाहाय."

ती एकटी गेली नाही. आईला घेऊन गेली आणि मला ड्रायव्हर म्हणून नेलं. त्या सेहेचाळीस गुणांच्या घरी. मी गाडीत बसून राहू का असं विचारलं, ती म्हणाली, बसा. पण ऊन वाढलं म्हणून मी पडवीत आलो. ती दुपारपर्यंत तिथं बसली. कोणाला काही विचारलं नाही. फक्त पाहिलं. आईला एका आजीच्या शेजारी खुर्ची दिली होती. आईनं आधी त्या आजीची नाडी धरली, मग घर चालवणाऱ्या बाईंना सांगितलं, "हिले पानी पाजा, जीभ कोरडी पडली."

"हो सिस्टर," त्या बाई म्हणाल्या आणि खरंच पाणी आणलं.

येताना रस्त्यात मी विचारलं, "मंग?"

"हात लावायच्या आधी सांगते इथल्या बाया," बायको म्हणाली. "दरवाज्याबाहेरून आवाज देते. दोघीतिघींचं पाहिलं मी. एकीनंही न सांगता कोनाले उचललं नाई."

माझ्या चौदा मुद्द्यांत हा नव्हता. पंधरावा घालायला मला सुचलाही नसता.

आईला सोडायला गेलो तो दिवस मी फार अवघड जाईल असं धरून चाललो होतो. रस्ताभर मनात बोलणं जुळवलं होतं: माय, आम्ही दर आठवड्याला येऊ, तू काळजी करू नको, वगैरे. बहिणीनं पांढुर्ण्याहून गव्हाची एक थैली आणि सूप आणलं होतं. पडवीत पोचलो. घर चालवणाऱ्या बाई बाहेर आल्या आणि आईला म्हणाल्या, "सिस्टर, आलात का? आतल्या खोलीतल्या आजी कालपासून जेवून नाही राहिल्या. पाहता का जरा?" आई चपला काढून आत गेली. मी बॅग हातात धरून उभा. बोलणं तोंडाशी तसंच. पाच मिनिटांनी मी आत डोकावलो, तर तिनं हातानं खूण केली, बाहेर थांबा. मी बाहेर थांबलो. थांबता-थांबता रडू आलं, ते मी पडवीतल्या त्या आजोबांपासून लपवलं. त्यांनी माझं नाव-गाव विचारलं.

शाळेत मी सांगितलं की आईला नागपूरला इलाजासाठी ठेवलं आहे. किती दिवस, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, डॉक्टर सांगतील तसं. दोन महिने हे खोटं मी नीट सांभाळलं. मग एक दिवस बायकोनं शाळेच्या कार्यक्रमात आमच्या प्राचार्यांनाच सरळ सांगून टाकलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी हळू आवाजात पत्ता मागितला. त्यांच्या वडिलांसाठी.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात आई दोनदा खूप रडली. घरी जायचं म्हणत होती. आम्ही घाईनं गेलो तर कळलं की तिला आमचं घर नको होतं. तिला तिच्या बापाचं, लहानपणीचं घर पाहिजे होतं, जे आता नाही. हिवाळ्यात तिला खोकला झाला आणि ती बारीक झाली. एकदा तिनं माझ्या बायकोलाही ओळखलं नाही. बायको गाडीत बसून राहिली, बराच वेळ. मी तिला सांगितलं की तुझी कंबर आता बरी दिसते. ते त्या वेळी बोलायचं वाक्य नव्हतं. तिनं खिडकीची काच वर केली.

पण बहुतेक रविवार बरे जातात. सकाळी आठची बस घेऊन मी जातो. मोसमात बागेतल्या ओळखीच्यांकडून पिशवीभर संत्री नेतो. घर चालवणाऱ्या बाई मला रिकामं बसू देत नाहीत. त्या माझ्यासमोर परात ठेवतात आणि म्हणतात, "सर, सोला. बिया काढून, शिरा काढून." मग मी पडवीत बसून सहा-सात म्हाताऱ्यांसाठी संत्री सोलतो. सुरुवातीला फोडी फाटायच्या. आता जमतं. आई शेजारी गहू निवडत असते, कधी माझ्याकडे पाहते, कधी नाही. मी आधी सांगतो, "माय, फोड देऊन राहिलो," आणि मग तिच्या हातावर ठेवतो.

मागच्या रविवारी बायको आणि बहीणही आल्या होत्या. आईनं संत्र्याची फोड चघळत माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग शेजारच्या आजीकडे वाकली आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "याच्या घरी कोनी नाई वाटते बिचाऱ्याच्या. दर इतवारी इथीच येऊन बसते."

"हाव ना," माझी बायको म्हणाली.

शेजारच्या आजीनं तिच्या वाट्याची अर्धी फोड मला दिली. मी ती खाल्ली आणि पुढचं संत्रं घेतलं.